रेंडर होऊन राहिलं

नागपुरात लग्नाची खरेदी इतवारीत सुरू होते आणि पुष्कळ घरांची ती इतवारीतच संपते. सुरुवात सराफा ओळीत, शेवट कुठल्यातरी अरुंद जिन्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत. तिथे कुलरपेक्षा कॉम्प्युटरचा पंखा जास्त ओरडत असतो. लग्नाला तीन महिने उलटलेले असतात, आहेराची पाकिटे मोजून झालेली असतात, फक्त व्हिडिओ यायचा असतो. मुलीचे वडील खाली गाडी लावून वर येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि विचारतात, "झालं का भाऊ आमचं?" पडद्यासमोरचा पोरगा मान न वळवता म्हणतो, "रेंडर होऊन राहिलं काका."

हे उत्तर कधी खरे असते, म्हणजे यंत्र कापलेल्या तुकड्यांची एकसंध फाइल खरेच बनवत असते, कधी सबब. व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा आढावा घ्यायला बसलो तेव्हा मात्र हेच वाक्य पुन्हा पुन्हा आडवे आले. एडियस बरे की प्रीमियर, प्रॉक्सी बनवायच्या की महागडे ग्राफिक कार्ड घ्यायचे, तयार टेम्पलेट वापरायचे की हाताने कापायचे, असे वाद वरून वेगवेगळे दिसतात. आत शिरले की प्रश्न एकच उरतो: वाट कोणी पाहायची आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर? मी स्वतः काही वर्षे ही कामे केली आहेत, त्यामुळे सवयी जडलेल्या आहेत. ज्या पक्षाशी माझे जमत नाही त्याचेही म्हणणे नीट मांडतो.

'मिक्सिंग' कुठून आले

नागपुरात या कामाला एडिटिंग कमीच लोक म्हणतात. "शूटिंगचे इतके, मिक्सिंगचे इतके," असा भाव सांगितला जातो. शब्द व्हीएचएसच्या काळातला आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि मागोमाग व्हीसीआर घराघरांत शिरले, लग्नात कॅमेरा आला आणि दोन व्हीसीआरच्या मध्ये व्हिडिओ मिक्सर नावाचे यंत्र बसले. एका कॅसेटवरचे चित्र दुसऱ्यात मिसळायचे, मध्ये हृदयाच्या आकाराची खिडकी उघडायची, हार घालताना चौकटीला रंग भरायचा. हे सगळे एका दमात, चित्र चालू असताना. चूक झाली तर मागे जाऊन पुन्हा. प्रत्येक कॉपीला चित्र थोडे मळायचे, म्हणून मामाच्या घरची कॅसेट नेहमीच मुलीच्या घरच्या कॅसेटपेक्षा फिकी.

कॉम्प्युटरवर चित्र कापण्याची कल्पना त्याआधीची आहे. सीएमएक्स ६०० हे यंत्र १९७१ चे, अॅव्हिड १९८९ चे, ॲडोबी प्रीमियर १९९१ चे. पण आपल्याकडच्या छोट्या दुकानापर्यंत ती पोहोचली मिनी डीव्ही कॅसेटबरोबर. डीव्ही हे मानक १९९५ चे. तासाच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागे. जपानच्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीची कार्डे त्या काळात या धंद्याचा कणा होती. तिनेच २००३ मध्ये एडियस आणले. पुढे कंपनी आधी थॉमसनकडे आणि मग ग्रास व्हॅलीच्या नावाखाली गेली, तरी जुनी माणसे अजून "कॅनोपसवर बसतो" असे म्हणतात.

तेव्हा वाट पाहणे सुरुवातीलाच असे. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागायचा आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नसे. कॅसेट लावून खाली जाऊन तर्री पोहे खाऊन यावे, इतकी ती वाट सवयीची होती. तक्रारी सुरू झाल्या मेमरी कार्ड आल्यावर. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी हा प्रकार आणला. फाइल पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर आली, पण टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे जोडायच्या पट्टीवर, टाकली की अडखळू लागली.

फाइल अडखळते का

सगळ्या युक्त्या याच एका कारणातून निघाल्या आहेत, म्हणून इथे थोडे थांबतो. इतवारीतल्या पेढीवरची जुनी वही ज्याने पाहिली आहे त्याला हे पटकन कळेल. पहिल्या ओळीत मालाचे नाव, गाव, दर, वजन सगळे लिहिलेले. दुसऱ्या ओळीत 'वरीलप्रमाणे' आणि बदललेले वजन तेवढे. तिसऱ्या ओळीत पुन्हा 'वरीलप्रमाणे'. कागद वाचतो, शाई वाचते. पण चोविसाव्या ओळीचा माल कोणता असे कोणी अचानक विचारले, तर वर चढत पहिल्या ओळीपर्यंत जावे लागते.

मेमरी कार्डावरच्या एच.२६४ आणि एच.२६५ प्रकारच्या फाइली अशाच लिहिलेल्या असतात. एक चित्र पूर्ण, पुढची कित्येक चित्रे फक्त बदल. सरळ चालवताना अडचण नाही. कॉम्प्युटर ओळीने वाचत जातो. एडिटर मात्र सरळ चालवतच नाही. तो मागे जातो, पुढे उडी मारतो, मधलेच चित्र मागतो. दर मागणीला यंत्राने वर चढून पूर्ण चित्र शोधायचे आणि तिथून खाली उतरत हिशेब करायचा. त्यात तीन कॅमेरे एकावर एक ठेवले की तीन वह्या एकाच वेळी.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, वही आधीच पूर्ण लिहून काढणे: कॅनोपस एचक्यू, ॲपलचे प्रोरेस, अॅव्हिडचे डीएनएक्सएचडी. प्रत्येक ओळ स्वतंत्र, त्यामुळे उडी मारली तरी चित्र लगेच हजर. पण साध्या फोर-के फाइलचे प्रोरेस ४२२ केले तर जागा पाचपट लागते. प्रॉक्सी हे याचेच स्वस्त भावंड. लहान, हलक्या नकला बनवायच्या, त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. दुसरा उपाय, वाचणारा वेगवान करणे. त्यासाठी ग्राफिक चिपमध्येच या फाइली उलगडण्याची सोय असते.

दुसऱ्या उपायात एक खोच आहे आणि तिने अनेकांचे पैसे खाल्ले. नव्या कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ असा रंगाला चांगला प्रकार असतो. तो एच.२६५ मध्ये असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधली अंगची चिप तो सहज उलगडते. एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांना मात्र ही सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. म्हणजे एखाद्याने सीझनची कमाई कार्डात घातली, आणि टाइमलाइन पूर्वीइतकीच लंगडी. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला साधा कॉम्प्युटर तीच फाइल सुतासारखी चालवतो. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, आणि "एडियस बरं होतं बाप्पा" हे वाक्य जन्माला येते.

पक्ष आणि त्यांचे म्हणणे

एडियसवाल्यांचे म्हणणे साधे आहे. कुठल्याही कॅमेऱ्याची फाइल आणा, टाका, चालते. मशीन जुने असले तरी चालते. एकदा विकत घेतले की झाले. शिवाय बाजारात तयार 'प्रोजेक्ट' मिळतात. गाणे, फुले, चौकटी सगळे बसवलेले. आपण हळदीचे आणि वरातीचे फोटो आत सारायचे. तीन तासांचे पारंपरिक लग्न एका माणसाने चार दिवसांत संपवायचे असेल तर आजही याच्याशी वेगात बरोबरी करणे अवघड. विरुद्ध बाजू म्हणते की रंगकाम आणि अक्षरकामात ते मागे पडले. लग्न आणि बातम्यांच्या बाहेर ते फारसे कोणी वापरत नाही, म्हणून इथे तयार झालेला मुलगा पुण्या-मुंबईला गेला की त्याला नव्याने शिकावे लागते.

प्रीमियरच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा सोबतीचा आहे. फोटोशॉप, आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियर एकमेकांच्या फाइली ओळखतात. क्लासमध्ये तेच शिकवतात आणि अडले तर उत्तर लगेच सापडते. आक्षेप भाड्याचा आहे. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या विकत देणे थांबवून फक्त वर्गणी ठेवली. लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, मध्ये थांबतो, उन्हाळ्यात पुन्हा उसळतो. भाडे मात्र बारा महिने. हवे तेवढेच महिने घ्यावे तर महिन्याचा दर चढा, आणि वर्षाची योजना मध्येच सोडली तर दंड. याच दंडाच्या मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला भरला. इतवारीतली कुरकुर तिकडेही होतीच.

दाव्हिंची रिझॉल्व्ह या वादात उशिरा आले. मुळात ते सिनेमाच्या रंगकामाचे, मोठ्या लॅबना परवडणारे यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये दाव्हिंची विकत घेतली, पुढे त्यात एडिटिंग घातले आणि एक आवृत्ती फुकट ठेवली. पूर्ण आवृत्ती २९५ डॉलरला, एकदाच. फुकट आवृत्तीत लग्नाचे काम होऊ शकते, आणि पायरसीशिवाय काम करायचा प्रामाणिक मार्ग म्हणून तरुण मुले तिच्याकडे वळली. किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. ग्राफिक कार्डाची मेमरी कमी पडली की 'जीपीयू मेमरी फुल' अशी पाटी येते आणि काम तिथेच थांबते. चार जीबीच्या कार्डावर ही पाटी ज्याने रात्री दोन वाजता पाहिली आहे, तो 'फुकट' हा शब्द जपून वापरतो.

फायनल कटवाले आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण जून २०११ चा त्यांचा अनुभव सगळ्यांना लागू आहे. ॲपलने फायनल कट प्रो एक्स आणले आणि त्यात जुन्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडेनात. अनेक कॅमेरे एकत्र कापायचा मल्टिकॅमही सुरुवातीला नव्हता. ज्यांची वर्षानुवर्षांची कामे त्यात होती ते एका रात्रीत परके झाले.

आणि मोबाइल. काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन. २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओही होते, तेव्हा अनेक पोरांची शिकलेली हत्यारे एका दिवसात गेली. त्यांनी आठवड्याभरात दुसरी उचलली. खोलीतल्या लोकांना मोबाइलवाले कच्चे वाटतात. मोबाइलवाल्यांचे म्हणणे, लोक बघतात ते आजच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते; काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असे सांगितले जाते. दोघींची भेट व्हायच्या आत गच्चीवरून काढलेली रील लोकांच्या फोनवर पोहोचलेली असते. तीन कॅमेऱ्यांची नीट मिक्स केलेली फिल्म चार दिवसांनी येते, तेव्हा मारबतीबरोबरच्या बडग्या पुतळ्यावर कोणाचे नाव होते हेही लोक विसरलेले असतात.

सगळ्यांच्या मागे एक न बोललेला पक्ष आहे: क्रॅक केलेली प्रत. ती हिशेबात धरली नाही तर किमतींची तुलना खोटी पडते. क्रॅकवाल्याला प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्ही फुकटच. अपडेट येत नाही, व्हायरस आला तर सगळ्या ग्राहकांचा डेटा जातो, ही किंमत त्याला त्या दिवशी दिसत नाही.

ज्यावर सगळ्यांचे एकमत आहे

सॉफ्टवेअर कोणतेही असो, जाणती माणसे कापण्याच्या आधीच्या कामाला जपतात. १०० मेगाबिटने रेकॉर्ड केले तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी. जुन्या कार्ड रीडरवर, सेकंदाला ३० एमबीने, ही कॉपी ३ तास २० मिनिटे घेते. १०० एमबीचा रीडर असेल तर एक तास. हजार-पंधराशेच्या वस्तूने वाचवलेला हा वेळ पन्नास हजारांचे ग्राफिक कार्ड वाचवेलच असे नाही. तरी त्या कार्डाची चर्चा रंगते, रीडरची कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट मोबाइलच्या फाइलींची. प्रत्येक लग्नात एक मावसभाऊ "माझ्याकडं भारी शॉट आहे" म्हणून फोन पुढे करतो. फोन सेकंदाला ३० चित्रे घेतो, आपली टाइमलाइन २५ ची. दर सहावे चित्र गळते आणि वरातीतले नाचणे गचके खाऊ लागते. त्याहून वाईट म्हणजे फोनचा वेग स्थिर नसतो. अंधारात तो चित्रे कमी घेतो आणि दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये शेवटी ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून आधी स्थिर वेगाची फाइल करून घ्यावी, यावर सगळ्या पक्षांचे एकमत. पुन्हा वाट पाहणेच, पण सुरुवातीला पाहिलेली.

आवाजाच्या लाटा बघून सॉफ्टवेअर आता कॅमेरे स्वतः जुळवते. बँडच्या गोंगाटात ते चुकते. मी जुळवायची खूण म्हणून अंतरपाट धरायचो. तो खाली येण्याचा क्षण प्रत्येक कॅमेऱ्यात असतोच, कारण त्या क्षणी कोणताही कॅमेरामन दुसरीकडे बघत नाही.

बोटांची सवय हा वेगळाच गुंता. एडियसमध्ये सी दाबले की जिथे रेषा आहे तिथे काप पडतो. प्रीमियरमध्ये सी दाबले की हातात पाते येते आणि ते क्लिकची वाट बघत बसते. काप हवा असेल तर कंट्रोल-के. रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल-बी. सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचा पहिला महिना यातच जातो. की बदलून घेता येतात, आणि रिझॉल्व्हमध्ये प्रीमियरच्या कींचा संच तयारच आहे. त्यावर दोन मते आहेत. एक म्हणते, आपल्या की सोबत न्याव्यात. दुसरे म्हणते, दुसऱ्याच्या मशीनवर बसलात की हात बांधले जातील, म्हणून मूळच्याच शिका. मागे, थांब, पुढे यांच्या जे-के-एल या की मात्र जवळपास सगळीकडे सारख्या, आणि ज्याला तेवढे नीट येते त्याचे अर्धे काम माउसशिवाय होते.

फोल्डरची नावे एकदा ठरली की बदलू नयेत, हा नियम मी मोडून शिकलो. एका लग्नाचे 'न्यू फोल्डर (३)' हे नाव मला लाजिरवाणे वाटले म्हणून मी प्रोजेक्ट बंद असताना ते नीट केले. सकाळी उघडले तर सगळी टाइमलाइन लाल, 'मीडिया ऑफलाइन'. जोडून घेता आले, पण तीन कॅमेऱ्यांच्या कार्डांत सारख्याच नावाच्या फाइली असल्याने हळदीच्या जागी सीमांतपूजन बसले. ते आधी ग्राहकाला दिसले, मग मला.

चि. सौ. कां.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या देशांत न दिसणारी अडचण इथे पहिल्याच अक्षराला येते. लग्नाचे प्रत्येक टायटल 'चि.'ने सुरू होते, आणि ऱ्हस्व इकार हा देवनागरीतला असा अवयव की जो उच्चारात आणि टायपिंगमध्ये नंतर येतो पण दिसतो आधी. जुन्या टायटल साधनांना हे माहीत नव्हते. ती वेलांटी च च्या पुढे टाकत, खाली ठिपक्यांचे वर्तुळ घालून. 'नवऱ्या मुलीचे वडील' यातला अर्धा र तर अजूनही कुठे कुठे रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो.

म्हणून लोक श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांना चिकटून राहिले. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. सॉफ्टवेअरला वाटते आपण इंग्रजीच काढतो आहोत, आणि अक्षर बिनचूक उमटते. पण तीच फाइल तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की वधूचे नाव इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. युनिकोडवाले म्हणतात, आता हे सोडा. प्रीमियरच्या आणि आफ्टर इफेक्ट्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त किंवा बालू असे मोफत फाँट घ्या. सल्ला बरोबर आहे. फक्त ते सेटिंग कुठे आहे हे सांगणारा माणूस जवळ लागतो, आणि बदलल्यावरही जुनी टायटले कधीकधी पुन्हा टाइप करावी लागतात. तिसरा गट दोन्हींना कंटाळून अक्षरे फोटोशॉप किंवा कोरलमध्ये करतो आणि चित्र म्हणून आणतो. बिनचूक, पण दुरुस्तीला त्रासाचे. आणि दुरुस्ती येतेच. मी एकदा आधीच्या कामातले चित्र उचलून नाव बदलले आणि 'स्व.' तसेच राहिले. ज्यांच्या नावापुढे ते राहिले ते काका स्वतः जिना चढून सांगायला आले.

मराठी वळणाचे ल आणि श हा आणखी बारीक मुद्दा. काही फाँटांत ती अक्षरे लपलेली असतात, भाषा मराठी निवडली तरच बाहेर येतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती निवड सहसा मिळत नाही, म्हणून पडद्यावर हिंदी वळण दिसते. ग्राहकाला खटकत नाही. मला खटकते.

न सुटलेले

एका सॉफ्टवेअरमधले काम दुसऱ्यात न्यायची सोय कागदावर आहे. एक्सएमएल फाइल काढली की काप पोहोचतात, पण टायटल, रंग, वेगातले बदल बहुतेक वाटेतच गळतात. म्हणून पक्ष बदलणे म्हणजे जुनी कामे मागे टाकणे.

गाण्यांचा प्रश्न कायद्यात अर्धाच सुटला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ लग्नसमारंभात आणि वरातीत गाणे वाजवायला सूट देते. तेच गाणे व्हिडिओत बसवून इंटरनेटवर चढवणे ही निराळी बाब, आणि तिथे यंत्रच गाणे ओळखून आवाज बंद करते. काही जण परवाना असलेले संगीत विकत घेतात. ग्राहक म्हणतो, आमच्या 'संगीत'च्या कार्यक्रमात पोरी ज्यावर नाचल्या तेच पाहिजे.

बोललेले लिहून देणारी आणि त्या मजकुरावरून कापणारी साधने प्रीमियरमध्ये २०२३ मध्ये आली, रिझॉल्व्हनेही आणली. २०२२ मध्ये आलेले व्हिस्पर हे बोलणे लिहून देणारे साधन मराठी ओळखते. मुलाखती कापणाऱ्यांना याचा उपयोग आहे. मी करून पाहिले तेव्हा आजीचे आशीर्वाद त्याने प्रमाण मराठीच्या साच्यात बसवले आणि मागच्या बँडलाही दोन शब्द दिले. लग्नात कापण्यासारखे बोलणे मुळात थोडे. आहे ते नजरांचे, हातांचे. ती निवड यंत्राकडून कितपत होईल यावर आमच्यात एकवाक्यता नाही.

सगळ्यात कमी बोलला जातो तो साठवणुकीचा प्रश्न. कच्चा डेटा किती दिवस ठेवायचा? कोणी डिलिव्हरीनंतर महिना म्हणतो, कोणी पुढच्या सीझनपर्यंत. बिलावर लिहिणारे थोडे.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी एक बाई वर आल्या. २००९ मधल्या त्यांच्या लग्नात वडील नाचले होते, तेवढा तुकडा वेगळा हवा होता. डिस्क सापडली, फिरली, प्रोजेक्टची फाइलही दिसली. ज्या आवृत्तीत ती बनली होती ती उघडायला लागणारे डोंगल दोन दुकाने बदलताना कुठेतरी राहिले होते. नव्या आवृत्तीत उघडून पाहिली तर टाइमलाइन आली, पण जिथे वरात असायला हवी तिथे रिकाम्या पट्ट्या. मी विचारले, तेव्हा दिलेली डीव्हीडी आहे का घरी? त्या म्हणाल्या, आईच्या कपाटात असेल, उद्या घेऊन येते.